सोय म्हणजे सवलत नव्हे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजच्या विषयाकडे वळण्यापूर्वी माझी एक चूक आपल्यासमोर मांडतो. गोष्ट १९९०च्या दशकातली. भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात होतो. तपासणी विभागात एक जागा भरायची होती. मुलाखतीला आयटीआय झालेला, विशीतला एक मुलगा आला. माझी खुर्ची खिडकीला पाठ करून असायची, त्यामुळे दुपारचं ऊन माझ्या मागून येत होतं. त्याचा अर्ज चाळत, मान खाली घालूनच मी विचारलं, "व्हर्नियरचा लीस्ट काउंट किती?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तो नुसता माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. आणखी दोन प्रश्न झाले. त्यांतल्या एकाचं भलतंच उत्तर आलं. मी कागदावर 'विषयाचं ज्ञान नाही' असा शेरा मारला आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

संध्याकाळी गेटवरचा वॉचमन सहज म्हणाला, "साहेब, त्या पोराला कमी ऐकू येतं. पण समोर उभं राहून बोललं की ओठांवरून सगळं कळतं त्याला." वॉचमनला जे दोन मिनिटांत समजलं, ते मला दहा मिनिटांत समजलं नव्हतं. माझा चेहरा उजेडाच्या विरुद्ध बाजूला, त्यात मान खाली. तो बिचारा काय वाचणार? त्याला व्हर्नियर येत होता की नाही, हे मला आजही माहीत नाही, कारण ते मी तपासलंच नाही. मी तपासले ते त्याचे कान. आणि त्या जागेवरचं काम तर दिवसभर डोळ्यांनी आणि हातांनी करायचं होतं! जागा दुसऱ्या दिवशी भरली गेली. त्या मुलाला पुन्हा पत्र पाठवण्याचं धैर्य मला झालं नाही.

त्या दिवशी मी काय करायला हवं होतं? खुर्ची वळवून बसायचं, मान वर करून बोलायचं आणि अडलंच तर प्रश्न कागदावर लिहून द्यायचा. खर्च काही नाही. या अशा फेरफाराला कायद्याच्या इंग्रजीत 'रीझनेबल अकॉमोडेशन' म्हणतात. मराठीत आपण त्याला 'वाजवी सोय' म्हणू. ही वाजवी सोय मुलाखतीच्या खोलीत कशी असते, मशीनपाशी कशी असते आणि ती कोणी, कशी मागायची, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी कायदा थोडक्यात पाहू. आपल्याकडे अपंग व्यक्तींसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ साली झाला. त्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६मध्ये अपंगांच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. त्या करारात वाजवी सोयीची कल्पना स्पष्ट शब्दांत आली. त्यानुसार आपल्याकडे २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७पासून तो अमलात आला. या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. अंधत्व, बहिरेपण, हातापायांचं अपंगत्व हे तर आहेच; पण स्वमग्नता, वाचन-लेखनाची अडचण, पार्किन्सन्स, ॲसिडहल्ल्यातल्या जखमा हेही त्यात आले. सरकारी राखीव जागा तीनवरून चार टक्के झाल्या.

आता वाजवी सोयीची व्याख्या. साध्या भाषेत सांगायचं तर, दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने आपला हक्क बजावता यावा म्हणून करायचा आवश्यक तो बदल. मात्र त्या बदलाचा बोजा समोरच्यावर बेसुमार पडता कामा नये. आणि याच कायद्यात भेदभावाची जी व्याख्या आहे, तिच्यात अशी सोय नाकारणं हाही भेदभाव धरला आहे. म्हणजे "आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो, सगळ्यांना दुसऱ्या मजल्यावरच बोलावतो," हे उत्तर पुरेसं नाही.

खासगी कारखान्यांना आरक्षण लागू नाही, हेही सांगितलं पाहिजे. तिथे पाच टक्के दिव्यांग कामगार असावेत म्हणून सरकारने प्रोत्साहन द्यावं, एवढंच कायदा म्हणतो. परंतु 'समान संधी धोरण' मात्र खासगी आस्थापनेलाही करावं लागतं. वीस किंवा अधिक माणसं असतील, तर कोणती पदं दिव्यांगांना योग्य, निवड कशी करणार, कोणती साधनं आणि सोयी देणार, हे त्यात लिहावं लागतं आणि या कामासाठी एक संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. हे धोरण संकेतस्थळावर आणि ते नसेल तर कारखान्यात सहज दिसेल अशा जागी लावायचं असतं. उद्या कामावर गेल्यावर आपल्या नोटीस बोर्डाकडे एकदा नजर टाका.

कायदा आला की कारखानदाराच्या कपाळाला आठ्या पडतात. "आता आणखी हे कुठून आणायचं?" पण मला नेहमी वाटतं की, ही गोष्ट समजायला पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या माणसाला सगळ्यांत सोपं जायला हवं. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. पुढे हा पट्टा चाकण आणि तळेगावपर्यंत पसरला. इथली दोन-तीन पिढ्यांची माणसं जिग आणि फिक्श्चर करण्यात मुरलेली आहेत. वेडावाकडा कास्टिंगचा तुकडा ड्रिलखाली नीट बसत नसेल, तर इथला टूलरूमवाला त्या तुकड्याला नालायक ठरवत नाही. तो त्याला धरणारं फिक्श्चर बनवतो. मग तोच तुकडा हजारात एकही न चुकता ड्रिल होतो. वाजवी सोय म्हणजे याहून निराळं काही नाही.

आणखी एक उदाहरण देतो. 'पोका-योके' हा जपानी शब्द आता आपल्या प्रत्येक शॉप फ्लोअरवर रुळला आहे. चूक होऊच नये अशी कामाची रचना, असा त्याचा अर्थ. ही पद्धत मांडणारे शिगेओ शिंगो तिला सुरुवातीला 'बाका-योके' म्हणत. म्हणजे 'मूर्खाला रोखणारी युक्ती'. १९६३ साली एका कारखान्यातल्या कामगार तरुणीला तो शब्द इतका लागला की, "मी मूर्ख आहे का?" म्हणून ती रडू लागली. शिंगोंनी नाव बदललं. दोष माणसात शोधायचा की रचनेत, हा प्रश्न त्या दोन शब्दांच्या मधोमध उभा आहे. वाजवी सोयीचाही प्रश्न तोच आहे.

या वाटेने आपल्याआधी माणसं गेलेलीही आहेत. पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने पिंपरीकडे निघालं की वाटेत खडकी लागते. तिथे क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना नवा धंदा शिकवण्यासाठी ती १९१७ साली मुंबईत सुरू झाली आणि नंतर खडकीला आली. खडकीतच मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे.

आणि मुरलीकांत पेटकर यांचं नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे पेटकर लष्करात होते. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि अपंगत्व आलं. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४मध्ये त्यांच्यावर चित्रपटही आला. पण मला त्यांच्या आयुष्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. टाटांकडून पैशांची मदत देऊ केली गेली, तेव्हा त्यांनी मदतीऐवजी काम मागितलं आणि पुण्याच्या टेल्कोत नोकरी केली, ही हकिगत पुष्कळ ठिकाणी छापून आली आहे. दिव्यांग माणूस मागतो ते बहुधा हेच असतं: मदत नको, काम द्या आणि ते करता येईल एवढी व्यवस्था द्या.

आता मुलाखतीकडे येऊ. खरं तर मुलाखत सुरू होते ती जाहिरातीपासून. जाहिरातीत केवळ फोन नंबर दिला, तर बहिऱ्या उमेदवाराने संपर्क साधायचा कसा? सोबत ई-मेल किंवा लेखी निरोपाचा नंबर द्यावा. कार्यालयात बसून करायच्या कामाला 'दुचाकीचा परवाना आवश्यक' अशी अट सवयीने छापलेली असते. ती गरजेची नसेल तर काढावी. मुलाखतीच्या पत्रात शेवटी एक ओळ घालावी: 'मुलाखतीसाठी आपल्याला काही सोय हवी असल्यास कृपया आधी कळवावे.' या एका ओळीने कितीतरी उमेदवारांचा धीर वाढतो, कारण विचारण्याचा संकोच आधी आपणच दूर केलेला असतो.

मग गेट. चाकणच्या मोठ्या कारखान्यांत गेटपासून ऑफिसपर्यंतचं अंतर चांगलंच असतं. कुबड्या घेऊन येणाऱ्याला ते अंतर उन्हात चालायला लावून आपण वर म्हणतो, "उमेदवार थकलेला वाटला." गेटवरच्या सुरक्षारक्षकाला आधी सांगून ठेवावं, गाडी आतपर्यंत सोडावी, मुलाखत तळमजल्यावर घ्यावी. आत जाणाऱ्या प्रत्येकाला सेफ्टी शूज घालायला लावतात. कॅलिपर किंवा जयपूर फूट असलेल्या पायात तो बूट बसेलच असं नाही. अशा वेळी शॉपमध्ये न नेता मुलाखत बाहेरच्या खोलीत घेता येते. आणि निवड झालीच तर मापाचा बूट करून घेता येतो.

खोलीत काय करायचं, ते माणसागणिक बदलतं. कमी ऐकू येणाऱ्या उमेदवारासमोर उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असं बसावं, तोंडापुढे हात किंवा कागद धरू नये, एका वेळी एकानेच बोलावं. मोठ्याने ओरडण्याचा उपयोग नसतो, त्याने ओठांचा आकार बिघडतो. उमेदवार खुणांच्या भाषेत बोलणारा असेल तर दुभाषी बोलवावा आणि बोलताना दुभाष्याकडे न पाहता उमेदवाराकडे पाहावं. "त्याला विचारा, पगार किती हवा," असं म्हणू नये, "तुमची पगाराची अपेक्षा काय?" असं थेट विचारावं.

अंध उमेदवार आत आला की खोलीत कोण कोण आहे ते प्रत्येकाने नाव सांगून कळवावं. त्याचा दंड धरून ओढू नये. आपलं कोपर पुढे करावं, तो धरेल. खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात ठेवला की तो स्वतः बसतो. लेखी परीक्षा असेल तर प्रश्न संगणकावर द्यावेत. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीएसारखी प्रणाली फुकट मिळते आणि ती मराठीही वाचते. लेखनिक हवा असेल तर तो द्यावा आणि वेळ वाढवून द्यावा. स्पर्धा परीक्षांसाठीच्या केंद्र सरकारच्या सूचनांत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ सांगितला आहे. तोच हिशेब आपल्यालाही वापरता येतो.

काही अपंगत्वं दिसत नाहीत. एखाद्याला अक्षरं उलटसुलट दिसतात, त्याच्या हातून अर्जात दहा चुका होतात. पण मशीन उघडून दिलं तर बिघाड तो चटकन शोधतो. त्याला प्रश्न वाचून दाखवावेत. स्वमग्न उमेदवार नजरेला नजर देत नाही, गप्पांत रमत नाही. त्याला प्रश्न आदल्या दिवशी पाठवावेत आणि बोलण्याऐवजी काम करून दाखवायला सांगावं. "तुमच्याबद्दल काही सांगा," या गुळमुळीत प्रश्नापेक्षा "या ड्रॉइंगप्रमाणे हे भाग वेगळे करून दाखवा," हे त्याला सोपं जातं आणि आपल्यालाही त्यातूनच खरं कळतं.

आणि काय विचारू नये? "हे कसं झालं हो तुम्हाला?", "घरचं कोण बघतं?", "लग्न झालं का?" या प्रश्नांचा कामाशी काही संबंध नाही. "तुम्हाला जमेल का?" हाही प्रश्न चुकीचाच, कारण त्यात आपली शंका आधीच भरलेली असते. त्याऐवजी विचारावं, "हे काम असं असं आहे. तुम्ही ते कसं कराल? त्यासाठी आमच्याकडून काय लागेल?" उत्तर त्या माणसाकडेच असतं. वर्षानुवर्षं तो स्वतःसाठी युक्त्या शोधतच जगलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात नेमकं हेच सांगितलं. या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने तो मान्य केला. सोय प्रत्येक व्यक्तीच्या गरजेप्रमाणे ठरवायची असते आणि त्यासाठी त्या व्यक्तीशी बोलावं लागतं, हा त्या निकालाचा गाभा आहे. एकच माप सगळ्यांना लावून चालत नाही.

आता शॉप फ्लोअरवर जाऊ. पहिला आक्षेप तिथूनच येतो: "ऐकू न येणारा माणूस मशीनवर? अपघात होईल." पण जरा आजूबाजूला पाहा. प्रत्येक मशीनवर लाल-पिवळा-हिरवा दिवा आहे. लाइन थांबली की अँडन बोर्ड पेटतो. फोर्कलिफ्टच्या पुढे जमिनीवर निळ्या प्रकाशाचा ठिपका पडतो. हे सगळं ऐकू येणाऱ्यांसाठीच केलं, कारण कारखान्याच्या गोंगाटात कोणालाच नीट ऐकू येत नाही. त्यात भर एवढीच घालायची की आगीच्या भोंग्याबरोबर चमकणारा दिवा लावायचा, आंधळ्या वळणावर आरसा बसवायचा, आणि आपत्तीच्या वेळी खांद्यावर हात ठेवून बाहेर नेणारा एक सोबती नेमून द्यायचा. शिफ्टच्या सुरुवातीला सुपरवायझर जे बोलतो, त्यातले चार मुद्दे फळ्यावर लिहावेत. त्याचा फायदा बिहार-ओडिशातून आलेल्या, मराठी अजून नीट न कळणाऱ्या पोरांनाही होतो.

पायाने अधू असलेल्याला उभ्याचं काम बसून करता येईल असं उंच स्टूल, कमरेच्या उंचीवर भागांच्या पेट्या, आणि वरून स्प्रिंग बॅलन्सरला टांगलेली हवेवरची टूल लागते. एका हाताने काम करणाऱ्याला टॉगल क्लँपचं फिक्श्चर द्यावं. दुसऱ्या हाताचं धरण्याचं काम तो क्लँप करतो. पायाचं पेडल हाताच्या स्विचवर आणता येतं. नजर अधू असेल तर मोठ्या आकड्यांचं डिजिटल मोजमाप आणि टेबलावर चांगला उजेड पुरतो. अगदी दृष्टी नसलेली व्यक्तीही गो-नोगो गेजने तपासणी करू शकते. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. हा निर्णय बोटांनी होतो.

मात्र वाजवी सोयीला मर्यादाही आहे आणि ती ठामपणे सांगितली पाहिजे. पॉवर प्रेसवर दोन बटणं दूर दूर बसवलेली असतात. दोन्ही हात त्या बटणांवर असतील तेव्हाच प्रेस खाली येते, म्हणजे हात डायमध्ये राहण्याचा धोका नसतो. एका हाताने काम करणाऱ्यासाठी त्यातलं एक बटण बंद करून टाकणं ही सोय नव्हे, तो गुन्हा आहे. तिथे त्या माणसाला दुसरं काम द्यायचं. सुरक्षा तशीच ठेवायची आणि काम बदलायचं. वाजवी या शब्दाचा एक अर्थ हाही आहे.

प्रेसचा विषय निघाला म्हणून मनातली गोष्ट बोलतो. या पट्ट्यात दिव्यांग कामगार बाहेरूनच येतात असं नाही, काही इथेच होतात. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत बोटं आणि हात गमावणाऱ्या कामगारांची स्थिती सेफ इन इंडिया ही संस्था २०१९पासून 'क्रश्ड' नावाच्या अहवालांतून मांडते आहे. काल लाइनवर आपल्याशेजारी उभा असलेला माणूस तीन बोटं गमावून दवाखान्यातून परत येतो. मग त्याचं काय करतात? बहुतेक ठिकाणी हिशेब देऊन घरी, नाहीतर "बस गेटवर." पंधरा वर्षं डाय सेट करणारा माणूस गेटवर वही भरत बसतो. त्याचं कसब बोटांत होतं तेवढंच डोक्यातही होतं, हे कोणी लक्षात घेत नाही. त्याला सेटिंगचं शिक्षण देणारा उस्ताद करता येईल, तपासणीला घेता येईल, टूल स्टोअरला घेता येईल. हँडलला जाड पकड बसवून आणि सरावाला महिनाभर देऊन कितीतरी जण आपल्या जुन्या कामावरही परततात. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही, असं २०१६चा कायदा सांगतो. ते कलम खासगी कारखान्याला थेट लागू नाही. पण जे सरकारला बंधनकारक आहे, ते आपणहून करायला खासगी मालकाला कोणी अडवलेलं नाही.

यात ठेकेदाराकडच्या मुलांचा प्रश्न सगळ्यांत अवघड. आज लाइनवर उभे असलेले कितीतरी हात ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. कंपनी म्हणते, माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, मशीन कंपनीचं. मधल्या मध्ये स्टूलसुद्धा मिळत नाही. यावर उपाय एकच, ठेक्याच्या करारातच लिहायचं की कामाच्या जागेवरची सोय कंपनी करील आणि निवडीच्या वेळची सोय ठेकेदार करील. युनियनने मागणीपत्रात पगारवाढीखाली ही एक ओळ घातली तरी पुष्कळ होईल.

कारखान्यापर्यंत पोचणं हाही कामाचाच भाग आहे. मार्च २०२२पासून पिंपरीत मेट्रो धावते आहे. तिच्या स्थानकांत लिफ्ट आहेत. पण भोसरीच्या पुढे मोशी, चिंबळी फाटा आणि चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी पार करायची तर कंपनीच्या बसचाच आधार. आणि त्या बसची पहिली पायरी गुडघ्याएवढी. दारापाशी एक जादा पायरी आणि पुढची एक राखीव जागा, एवढ्याने प्रश्न सुटतो. कारखान्यात उतार करायचा तर एकास बारा हे प्रमाण लक्षात ठेवावं: एक फूट चढायला बारा फूट लांबी. घाईने बांधलेला उभा उतार चाकाच्या खुर्चीला धोकाच असतो. मानसिक आजारावर औषधं घेणाऱ्याला तिसरी पाळी झेपत नाही. त्याला पहिल्या दोन पाळ्यांत ठेवता येतं. कृत्रिम पाय दुरुस्त करायला वर्षातून चार दिवस लागतात. ते आधीच मोजून ठेवता येतात.

खर्चाचं म्हणाल तर, अमेरिकेत जॉब अकॉमोडेशन नेटवर्क नावाची संस्था मालकांना वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारते आहे. साधारण निम्म्या सोयींना काहीच खर्च आला नाही, असं तिच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आपल्याकडचं स्टूल, फळा आणि खडू यांची किंमत आपण जाणतोच.

शेवटी दोन शब्द उमेदवारांसाठी. सोय मागायला लाजू नका आणि ती मोघम मागू नका. "मी अपंग आहे, सांभाळून घ्या," असं लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या मनात फक्त दया किंवा भीती येते. त्याऐवजी असं लिहा: 'मला डाव्या कानाने अजिबात व उजव्या कानाने कमी ऐकू येते. समोर बसून सावकाश बोलल्यास मला समजते. मुलाखत शांत खोलीत घ्यावी आणि तांत्रिक प्रश्न लेखी द्यावेत, ही विनंती.' अडचण एका वाक्यात, उपाय दोन वाक्यांत. पत्राची प्रत जपून ठेवा. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड आधी काढून ठेवा. कामावर लागल्यावर नवी अडचण आली तरी पुन्हा लेखी मागा. नकार आला तर कारण विचारा. पिंपरीत मोरवाडीला महापालिकेचं दिव्यांग भवन आहे. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. आणि कायद्याप्रमाणे राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. २०२२च्या डिसेंबरपासून महाराष्ट्रात या कामासाठी स्वतंत्र खातंही झालं आहे.

आणि माझ्यासारख्या, टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या मंडळींना एवढंच सांगतो. पुढच्या मुलाखतीच्या आधी खोलीत जाऊन एकदा उमेदवाराच्या खुर्चीवर बसून बघा. तिथून तुमचा चेहरा दिसतो का? दारातून चाकाची खुर्ची आत येईल का? आणि तुम्ही विचारणार असलेला प्रश्न कामाचा आहे, की कानाचा, डोळ्यांचा, पायांचा? मी तसा कधी बसून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर त्या मुलाच्या अर्जावर कदाचित निराळा शेरा पडला असता. निदान तो व्हर्नियरबद्दलचा तरी असता.